ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालंय? आधी हवा शोधा

ब्रेकच्या तक्रारी ढोबळमानाने दोन जातीच्या असतात. एका जातीत चिखलात पाय रुतावा तसं पेडल खाली खाली जातं. दुसऱ्या जातीत ते जागचं हलत नाही. भिंतीला पाय लावून रेटतोय असं वाटतं, आणि एवढं रेटूनही गाडी आपल्याच नादात पुढे जात राहते. पहिलं दुखणं बहुतेक वेळा ब्रेक ऑइलच्या बाजूचं असतं: कुठेतरी गळती, ऑइलमध्ये शिरलेले हवेचे बुडबुडे, मास्टर सिलिंडरची (पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर टाकणाऱ्या नळकांड्याची) झिजलेली रबरं. दुसऱ्या दुखण्याचा ऑइलशी सहसा संबंध नसतो. हा लेख त्या दुसऱ्या दुखण्यापुरताच आहे.

दोन्हींची सरमिसळ केली की पैसे कसे जातात हे मी स्वतः अनुभवलंय. माझ्या जुन्या डिझेल गाडीचं पेडल कडक झालं. गॅरेजमध्ये आधी ब्रेक ऑइल बदललं, मग पॅड (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला पकडणारे) बदलले, मग पुढचे दोन्ही कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) खोलून साफ केले. पेडल तसंच. शेवटी दोष निघाला तो बॉनेटखालच्या वीतभर रबरी पाइपाच्या टोकाला गेलेल्या चिरेत, तीही खालच्या बाजूला, वरून न दिसणारी. नंतर शिकलेल्या चाचण्यांपैकी पहिलीच मी घरी केली असती, तर पाच मिनिटांत एवढं तरी कळलं असतं की चाकांकडे जायचं कारणच नाही. त्या चाचण्या पुढे क्रमाने दिल्या आहेत.

चालत्या गाडीत पेडल कडक झालं तर

शोधाशोध नंतर, आधी गाडी थांबवा. पाठ सीटला घट्ट टेकवा आणि पेडल पूर्ण ताकदीने, लागलेच तर दोन्ही पायांनी, एकदाच दाबून धरून ठेवा. सोडून पुन्हा दाबू नका. मऊ पेडलच्या वेळी पंप करणं उपयोगाचं असतं, इथे उलट होतं: प्रत्येक वेळी पाय उचलला की उरलीसुरली मदतही खर्च होते. कडक पेडलने ब्रेक लागतच नाही असं नाही, तो लागतो, फक्त कित्येक पट जोर मागतो. पेडल हलत नाही म्हणून घाबरून पाय काढून घेणं ही त्या क्षणाची सगळ्यात मोठी चूक.

सोबत एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक ओढायचाच झाला तर त्याचं बटण अंगठ्याने दाबून धरून हळूहळू ओढा, म्हणजे मागची चाकं एकदम जाम होणार नाहीत. गाडी चालू असताना चावी फिरवून इंजिन बंद करू नका. पॉवर स्टेअरिंगची मदत जाते, आणि चावी बाहेर निघाली तर स्टेअरिंग लॉकही होऊ शकतं. इंजिन आपोआप बंद पडल्यामुळेच पेडल कडक झालं असेल, तर साधारण दोन-तीन वेळा ब्रेक लावण्यापुरती मदत शिल्लक असते. ती जपून वापरा.

थांबल्यावर ती गाडी पुढे चालवत नेऊ नका. दोरीने ओढूनही नेऊ नका, कारण इंजिन बंद असलेल्या गाडीत मागच्या चालकाच्या पायाखाली तेच दगडासारखं पेडल असतं. गाडी वर चढवून नेणारी टो-गाडी बोलवा.

पायाला मदत कोण करतं

बॉनेट उघडा आणि चालकाच्या समोरच्या भिंतीकडे पाहा. तिथे ब्रेक ऑइलची छोटी डबी दिसेल. तिच्याखाली मास्टर सिलिंडर, आणि त्याच्या मागे भिंतीला चिकटलेला मोठा, काळा, तव्यासारखा गोल डबा. हा ब्रेक बूस्टर. गॅरेजमध्ये कोणी त्याला सर्वोही म्हणेल. त्यातून एक जाड पाइप इंजिनकडे जातो. आपली बहुतेक गोष्ट या डब्याची आणि या पाइपाची आहे.

डब्याच्या आत रबरी पडदा असतो आणि त्याने डब्याचे दोन कप्पे होतात. पाय पेडलवर नसताना दोन्ही कप्प्यांतली हवा इंजिन ओढून घेतं, म्हणजे दोन्हीकडे निर्वात असतो. गॅरेजच्या भाषेत व्हॅक्यूम. पेडल दाबलं की चालकाच्या बाजूच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते. आता पडद्याच्या एका अंगाला वातावरणाचा दाब आणि दुसऱ्या अंगाला जवळजवळ काही नाही, म्हणून पडदा पुढे ढकलला जातो आणि मास्टर सिलिंडरचा दांडा रेटतो.

हा रेटा किती असतो याचा हिशोब एकदा करून पाहण्यासारखा आहे. २३ सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ४१५ चौरस सेंटिमीटर. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, त्यातला ०.७ किलोचा फरक जरी मिळाला तरी पडद्यावर जवळपास २९० किलोचा जोर येतो. पायाने १० किलोचा जोर लावला, तर पेडलच्या तरफेमुळे दांड्यापर्यंत तो साधारण ४० किलो होऊन पोचतो. त्याच्या प्रमाणात बूस्टर आपली भर घालतो. ही भर गेली की उरतात ते फक्त तुमचे ४०. पेडल ‘कडक’ होतं म्हणजे खरं तर एवढंच होतं. अडकलेलं सहसा काही नसतं, मदतनीस निघून गेलेला असतो.

पाइपात, बहुधा तो डब्याला जोडला जातो तिथेच, एक छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. तो हवा डब्यातून इंजिनकडे जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. इंजिन बंद पडल्यावरही दोन-तीन ब्रेकची शिल्लक राहते ती याच्यामुळे.

आधी जे बिघाड नाहीत ते बाजूला काढा

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी, स्टार्ट करण्याआधी, पेडल कडक लागणं यात काही वावगं नाही. साठलेला व्हॅक्यूम इतका वेळ टिकेलच असं नसतं. मात्र अर्ध्या तासापूर्वी बंद केलेल्या गाडीतही पहिल्याच दाबाला पेडल कडक असेल, तर एकमार्गी व्हॉल्व्हवर संशय घ्या. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांमध्ये याची एक गंमत होते. पेडल कडक असल्यामुळे ते पुरेसं खाली जात नाही, ब्रेक दाबलाय हे गाडीला कळत नाही, आणि ती सुरूच होत नाही. लोक बॅटरीला दोष देत बसतात. अशा वेळी पेडल नेहमीपेक्षा जोरात दाबून धरायचं आणि मग बटण दाबायचं.

ओल्या किंवा निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यावर पेडल थरथरून पायाला उलट धक्के देत असेल, तर ते एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करतंय. पाय तसाच दाबून ठेवा.

पेडल दाबताना क्षणभर ‘फुस्’ असा श्वास टाकल्यासारखा आवाज येणंही ठीक आहे. ती आत शिरणारी हवा. आवाज चालूच राहत असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येतो.

पायरी १: पायाखाली बघा

हसू येईल, पण इथूनच सुरुवात करा. पेडलच्या मागे सरकून दुमडलेली मॅट, घरंगळत गेलेली पाण्याची बाटली, एकावर एक टाकलेल्या दोन मॅट, यांनी पेडलची वाट अडते. टॉर्च घेऊन खाली वाका, पेडल हाताने दाबून पाहा. पेडल वर येताना रेंगाळत असेल किंवा करकरत असेल, तर त्याच्या बिजागरीचा दांडा गंजलेला किंवा सुकलेला असू शकतो. फार दिवस उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे दिसतं.

पायरी २: तीन चाचण्या, एकही पाना न लावता

गाडी सपाट जागी, उघड्यावर उभी करा. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवायचं नाही. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि चाकांना विटा किंवा लाकडी ठोकळे लावा.

पहिली चाचणी सगळ्यात कामाची. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबा. दर वेळी ते अधिक कडक होत जाईल आणि शेवटी दगड होईल, म्हणजे डब्यातली शिल्लक संपली. आता पाय पेडलवर हलका ठेवून तसाच राहू द्या आणि इंजिन सुरू करा. बूस्टर नि व्हॅक्यूम दोन्ही ठीक असतील तर इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली किंचित खाली बसतं. हे बसणं इतकं स्पष्ट असतं की एकदा अनुभवल्यावर विसरत नाही. जागचं हललंच नाही, तर एक तर डब्यापर्यंत व्हॅक्यूम पोचत नाही, किंवा पोचतोय पण डबा तो वापरू शकत नाही. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत पाय थोडा जोरात ठेवावा लागेल, तरी फरक जाणवतो. बाकी गाड्यांत मात्र पाय खरोखर हलका ठेवा. सगळा भार टाकून बसलात तर बारीक हालचाल कळत नाही आणि चांगला बूस्टर नापास होतो.

दुसरी चाचणी साठवणुकीची. इंजिन एक-दोन मिनिटं चालू ठेवून बंद करा. मग पेडल नेहमीसारखं, सावकाश, दोन-तीन वेळा दाबा. पहिल्यांदा ते खोल जायला हवं, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी. पहिल्याच दाबाला कडक असेल, तर हवा कुठून तरी आत शिरतेय किंवा एकमार्गी व्हॉल्व्ह धरत नाही.

तिसरी चाचणी पडद्याची. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा, आणि ३० सेकंद पाय हलवू नका. पेडल जिथल्या तिथे राहिलं तर उत्तम. पायाला वर ढकलू लागलं तर बूस्टरची गळती. खाली बसत गेलं तर तुमचा मोर्चा चुकीच्या दिशेने चाललाय: ते मास्टर सिलिंडरचं किंवा ऑइलच्या गळतीचं काम आहे, आणि ते जास्त तातडीचं आहे.

तिन्हींचे निकाल कागदावर लिहून ठेवा. गॅरेजमध्ये ‘ब्रेक बरोबर नाही’ म्हणण्यापेक्षा ‘इंजिन सुरू केल्यावर पेडल खाली बसत नाही’ असं सांगितलंत, तर चांगला मेकॅनिक पॅडच्या डब्याकडे हात नेणार नाही.

पायरी ३: पाइप आणि व्हॉल्व्ह

पहिली चाचणी नापास झाली असेल तर बॉनेटखाली या. इंजिन बंद करून बूस्टरपासून इंजिनापर्यंत पाइपावरून बोटं फिरवा, खालच्या बाजूनेसुद्धा. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. चिरा बहुतेक वेळा टोकाला, क्लिपच्या कडेला असतात. पाइप वाकवून पाहिला की त्या तोंड उघडतात. ऑइलने भिजून पाइप फुगलाय का, मऊ पडलाय का, हेही बघा. मऊ पाइप थंड असताना ठीक दिसतो, आणि इंजिन तापल्यावर आतल्या ओढीने चपटा होऊन बंद होतो. ‘गाडी तापली की पेडल कडक होतं, सकाळी मात्र काही नाही’ अशी तक्रार असेल तर इंजिन तापवून हा पाइप बघाच.

मग व्हॉल्व्ह. इंजिन एक मिनिट चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि बूस्टरमधून व्हॉल्व्ह हलकेच पिळत बाहेर काढा. आत हवा शिरल्याचा जोरदार ‘फुस्स’ आवाज यायला हवा. आला, तर साठवण शाबूत. नाही आला, तर डब्यात व्हॅक्यूम टिकलाच नव्हता, किंवा पोचलाच नव्हता. काढताना घाई नको. व्हॉल्व्ह प्लास्टिकचा असतो आणि उष्णतेने ठिसूळ होतो, शिवाय तो ज्या रबरी वाशरमध्ये बसतो ते वाशर अंगठ्याने दाबलं गेलं तर सरळ डब्यात पडतं. मग ते काढण्यात अर्धा दिवस जातो, आणि नाहीच निघालं तर मास्टर सिलिंडर उतरवावा लागतो.

व्हॉल्व्ह हातात आल्यावर तोंडाने फुंकून बघा. डब्याच्या बाजूने फुंकलं तर हवा पार जायला हवी, इंजिनच्या बाजूने फुंकलं तर जाता कामा नये. दोन्हीकडून जात असेल किंवा कुठूनच जात नसेल तर नवा घाला, आणि बसवताना दिशा चुकवू नका. उलटा बसवलेला व्हॉल्व्ह म्हणजे बूस्टर नसल्यासारखंच.

आता निर्णायक गोष्ट. पाइपाचं बूस्टरकडचं टोक मोकळं ठेवून इंजिन सुरू करा आणि त्यावर अंगठा ठेवा. पंखा आणि पट्ट्यांपासून बाही नि हात लांब. अंगठा ठेवला नसेल तेव्हा पेट्रोल इंजिन गचके खाईल किंवा बंदही पडेल, त्याला घाबरू नका. अंगठ्याला घट्ट ओढ लागली, तर मदत इथवर येतेय आणि दोष बूस्टरमध्ये किंवा त्या वाशरमध्ये आहे. ओढ नाममात्र असेल, तर दोष पाइपात किंवा इंजिनाकडे. एका अंगठ्याने शोध निम्मा होतो.

पाइप बदलताना व्हॅक्यूमसाठी बनवलेलाच घ्या. पाण्याचा किंवा पेट्रोलचा पाइप मापाला बसला तरी ओढीने चपटा होतो. चिरेवर टेप गुंडाळून काम भागवू नका, टेप तापून सुटते.

पायरी ४: ओढ कमी का?

पेट्रोल इंजिनात हवेची वाट थ्रॉटलने (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेने) आवळलेली असते, म्हणून त्याच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम आपोआप तयार होतो. मीटर लावलात तर समुद्रसपाटीजवळ, गरम इंजिन आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) असताना, १८ ते २२ इंच पारा (व्हॅक्यूम मोजायचं एकक) अशी नोंद मिळायला हवी. उंचावर हा आकडा दर ३०० मीटरला साधारण एका इंचाने कमी होतो, तेवढी सूट द्या. आकडा बराच कमी असेल तर बिघाड ब्रेकचा नाहीच, इंजिनाचा आहे: मॅनिफोल्डच्या गॅस्केटला गळती, टायमिंगचा पट्टा एखादा दात सरकलेला, सायलेन्सरकडे जाणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कोंदलेला. अशा गाडीत ब्रेकसोबत इंजिनही थकल्यासारखं चालतं, ओढत नाही, आयडलिंगला थरथरतं. दोन्ही तक्रारी एकत्र सांगा.

डिझेल इंजिनात हवेची वाट अशी आवळलेली नसते, त्यामुळे व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप बसवावा लागतो. टर्बो असलेल्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांतही तो असतो. काही इंजिनांत तो कॅमशाफ्टच्या टोकाला असतो, काहींत अल्टरनेटरच्या पाठीला. हा दुसरा प्रकार लक्षात ठेवा, कारण तिथे पट्टा तुटला की डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ पेडल कडक होतं. तो दिवा पाहून ‘बॅटरी आहे, घरी जाऊन बघू’ म्हणत निघालेला माणूस पुढच्या वळणावर ब्रेकला मुकतो. पंपाला वंगण इंजिन ऑइलचं मिळतं. ते जुनं, घट्ट झालं की पंपाची पाती झिजतात किंवा अडकतात. चांगल्या पंपाची ओढ पेट्रोल इंजिनाच्या आकड्यापेक्षा जास्तच असते, सहसा २४ इंचांच्या वर.

पाइप काढल्यावर आत इंजिन ऑइल ओघळताना दिसलं तर फक्त पंप बदलून थांबू नका. ते ऑइल डब्यात पोचलं असेल तर पडद्याचं रबर फुगवतं, आणि महिना-दोन महिन्यांत नवा पंप असूनही पेडल पुन्हा कडक.

हायब्रिड आणि अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत हा पंप विजेवर चालतो. इग्निशन चालू करून पेडल चार-पाच वेळा दाबलं की तो घुंई करून सुरू व्हायला हवा आणि काही सेकंदांत थांबायला हवा. सुरूच होत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा. थांबतच नसेल तर गळती आहे. काही नव्या गाड्यांत व्हॅक्यूमचा संबंधच उरलेला नाही, पेडलला मदत मोटर करते. तिथे वरच्या चाचण्या लागू पडत नाहीत, इशाऱ्याचा दिवा लागला की स्कॅनर असलेल्या माणसाकडे जायचं.

पायरी ५: बूस्टर

अंगठ्याला ओढ घट्ट आणि तरीही पहिली चाचणी नापास, म्हणजे बूस्टर. खात्री करायची तर इंजिन चालू ठेवून पेडलजवळ कान न्या. दाबून धरल्यावर फुसफुस चालूच राहत असेल, आणि दाबताक्षणी आयडलिंग बदलत असेल, तर पडदा फाटलाय किंवा आतला व्हॉल्व्ह बसत नाही.

बदलण्याआधी एक गोष्ट तपासा: तो का गेला? मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून ब्रेक ऑइल झिरपून डब्यात साठतं आणि पडदा खातं. ‘डबीतलं ऑइल कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही’ ही त्याची खूण. मास्टर सिलिंडर आणि बूस्टरच्या जोडाखालून पांढरं फडकं फिरवा, ओलं झालं तर दोन्ही बदलावे लागतील. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

बूस्टर घरी खोलू नका. आत दणकट स्प्रिंग असते, आणि तो दुरुस्तीसाठी नव्हे, अख्खा बदलण्यासाठी बनवलेला भाग आहे. बदलून घेताना मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: बूस्टरचा दांडा आणि मास्टर सिलिंडर यांच्यातलं अंतर मोजलं का? दांडा बाहेर जास्त राहिला तर ब्रेक सतत घासत राहतात, चाकं तापतात. कमी राहिला तर पेडलला नको तेवढी मोकळी चाल येते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हे माप दिलेलं असतं.

पायरी ६: बूस्टर पास, तरीही गाडी थांबत नाही

इथे आता चाकांकडे जायला हरकत नाही. पाय मजबूत दाबला जातोय, मदत मिळतेय, पण पॅड डिस्कला पकडत नाहीत किंवा दाब चाकापर्यंत पोचतच नाही.

चाकं उघडण्याआधी सोपी युक्ती. १०-१५ मिनिटं नेहमीसारखी, रहदारी नसलेल्या रस्त्यावर हळू गाडी चालवा, थांबून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका. एक पुढचं चाक भट्टीसारखं तापलंय तर तिथला कॅलिपर सुटत नाही. दुसरं थंडगार आहे तर तिथला ब्रेक कामच करत नाही. दोन्ही प्रकारांत कॅलिपरचा पिस्टन किंवा तो ज्यांवर सरकतो त्या पिन गंजून अडकल्याची शक्यता मोठी. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर तीच खूण.

पॅडचा जाडपणा ३ मिलिमीटरपर्यंत आला असेल तर बदला. जाड असूनही पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल, तर ते तापून गुळगुळीत झालेत आणि त्यांची पकड गेलीय. ग्रीस किंवा ब्रेक ऑइल प्यालेला पॅड पुसून वाचत नाही. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदला. नुकतेच बदलले आणि तेव्हापासूनच ब्रेक कमी वाटत असेल, तर ते अजून डिस्कवर बसलेले नाहीत किंवा फार कडक जातीचे आहेत. बसवायला मोकळ्या रस्त्यावर साधारण ५० च्या वेगावरून १० पर्यंत असे आठ-दहा मध्यम ब्रेक लावा. पूर्ण थांबू नका, मध्ये थोडी थंड होऊ द्या.

चाकाजवळचा रबरी ब्रेक पाइप हा छुपा रुस्तम. बाहेरून नवा दिसतो, आणि आतलं रबर सुटून झडपेसारखं आडवं येतं. पेडल कडक, पण चाकावर दाब कमी. किंवा दाब जातो आणि परत येत नाही, चाक जाम. जाम झालेल्या चाकाचा ब्लीडर स्क्रू (कॅलिपरवरचा, ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब पाइपात किंवा त्याच्या मागे अडकला होता. नाही सुटलं, तर कॅलिपरच अडकलाय. स्क्रू लगेच आवळा.

एक खूण ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणात असते. झाकणाचं रबर फुगून लाटालाटांचं झालं असेल, तर कोणीतरी डबीत ब्रेक ऑइलऐवजी इंजिनाचं किंवा पॉवर स्टेअरिंगचं ऑइल ओतलंय. असं ऑइल सगळ्या सीलना फुगवतं, पिस्टन आपापल्या जागी रुतून बसतात. नुसतं ऑइल बदलून हे सुधारत नाही, सगळी रबरं बदलावी लागतात. म्हणूनच ब्रेकचे भाग रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊ नका, ब्रेक क्लीनर वापरा.

घाट उतरताना जळका वास येऊन ब्रेक कमी झाला आणि पेडल मात्र कडकच राहिलं, तर पॅड तापून त्यांची पकड गेली. तेच पेडल मऊ पडलं असतं तर ऑइल उकळलं असं समजायचं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, पण ओलावा शोषलेलं १४० लाही उकळू शकतं. डॉट ४ चे हे आकडे २३० आणि १५५. दोन्ही वेळी उपाय सारखा: गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्या, आणि पुढे खालच्या गिअरात उतरा.

स्वतः किती करायचं

चाचण्या, पाइप, व्हॉल्व्ह, फ्यूज: नवशिक्याने जरूर करावं. चाक काढणार असाल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका, स्टँड लावा. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि ऑइलची लाइन मात्र पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या हाताखालीच.

काम झाल्यावर पहिली चाचणी पुन्हा करा. पेडल खाली बसलं की मोकळ्या जागी २० च्या वेगाने दोन-तीनदा थांबून बघा, एक हात हँडब्रेकवर ठेवून. मग थोड्या जास्त वेगाने. दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून नव्या पाइपाच्या क्लिप हाताने हलवून पाहा आणि डबीतल्या ऑइलची पातळी परत बघा.